तीन थर, किती फूट?

नवं शिलाई मशीन घरात आलं की मागोमाग फुटांचा मोह येतो. मशीनसोबत मिळालेले पाच-सहा फूट पुरणार नाहीत अशी शंका पहिल्याच आठवड्यात येते आणि ऑनलाइन दुकानातला 32 किंवा 42 नगांचा संच डोळ्यांत भरतो. क्विल्ट करायची म्हटली तर आणखीच पंचाईत. वॉकिंग फूट, पाव इंची फूट, डार्निंग फूट, रूलर फूट, डिच फूट. दुकानदाराला विचारावं तर त्याच्या मते सगळेच लागतात.

नाशिकच्या एका घरात याच प्रश्नावरून नणंद-भावजयींची जुंपली आहे. ताई, म्हणजे नणंद, कित्येक वर्षं शिवणक्लास घेतात. त्यांचं काळं पायमशीन सरळ टिपेशिवाय दुसरं काही जाणत नाही आणि त्यावाचून त्यांचं कधी अडलेलं नाही. वहिनी सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी करायच्या; निवृत्त झाल्या तरी व्हर्नियर कॅलिपर हाताशी असतो. त्यांनी झिगझॅगचं नवं मशीन घेतलंय, डबल बेडच्या मापाची क्विल्ट करायचं ठरवलंय आणि लागणाऱ्या वस्तूंची 14 कलमी यादी केलीय.

"यातली 11 खोडा," ताईंनी यादी परत दिली.

"ठेवू कोणती 3?"

"कटर, डार्निंगचा फूट आणि सुया. बाकी सगळं दुकानदाराच्या सोयीचं. आपल्याकडे इतक्या गोधड्या झाल्या, वाकळी झाल्या, त्या काय वॉकिंग फुटानं शिवल्या?"

"गोधडी हातानं शिवतात, ताई. सुई सगळ्या थरांतून जाते, पण वरून कुणी दाबत नसतं आणि खालून कुणी ओढत नसतं. मशीनमध्ये दोन्ही एकाच वेळी चालतं."

वहिनींचं म्हणणं यंत्राच्या रचनेला धरून आहे. प्लेटमधून वर येणारे दाते कापड मागे नेतात, पण ते धरतात फक्त सर्वांत खालच्या कापडाला. फूट वरून दाबतो आणि वरच्या कापडाला अडवतो. ब्लाउजच्या दोन पातळ कापडांत हा फरक कळत नाही. क्विल्टमध्ये तीन थर असतात: वर तुकड्यांचं जोडकाम, मध्ये कापसाचं किंवा पॉलिएस्टरचं भरण, खाली अस्तर. मधला थर दबतो, फुगतो, घसरतो. अस्तर दात्यांबरोबर निघून जातं आणि वरचं कापड फुटापुढे साचत राहतं. एक टीप डावीकडून आणि शेजारची उजवीकडून मारली तर दोन्हींच्या मधला भाग तिरपा ओढला जातो, तो वेगळाच.

ताईंना हे पटलं नाही. "टाचण कच्चं असेल. मुठीमुठीच्या अंतरावर सेफ्टी पिना लावा, कापड जागचं हलायचं नाही."

मग पडताळा घ्यायचं ठरलं. 20 इंच लांबीच्या दोन सारख्या पट्ट्या, मध्ये भरण. नव्या मशीनवर साधा फूट लावून ताईंनीच टीप मारली, कापड न ओढता, मशीन नेईल तसं. शेवटाला वरची पट्टी खालच्या पट्टीच्या पुढे चांगली पाव पेराएवढी आलेली. दुसऱ्या जोडीला पिना लावल्या. या वेळी टोकं जुळली. पण पट्टी खिडकीशी तिरपी धरली तेव्हा प्रत्येक दोन पिनांच्या मध्ये वरचं कापड किंचित फुगलेलं दिसलं. घसरण थांबली नव्हती, पिनांनी ती वाटून दिली होती.

तिसऱ्या जोडीसाठी वहिनींनी मैत्रिणीकडून आणलेला वॉकिंग फूट चढवला. दिसायला हा प्रकार बोजड. बाजूला एक काटा असतो, तो सुई आवळणाऱ्या स्क्रूच्या दांडीवर बसवायचा. सुई वर गेली की फुटाच्या पोटातले दाते कापडावर टेकतात आणि खालच्या दात्यांसोबत मागे सरकतात. सुई खाली येताना ते उचलले जाऊन पुन्हा पुढे येतात. म्हणजे वरच्या कापडालाही ओढणारा मिळतो. फाफ या जर्मन कंपनीनं ही सोय 1968 पासून मशीनच्याच अंगात बसवून दिली; फुटामागून एक छोटी दातेरी पट्टी खाली येते आणि वरचं कापड सरकवते. बाकीच्या बहुतेक मशिनींना वेगळा फूट घ्यावा लागतो.

तिसरी जोडी सपाट राहिली आणि टोकंही जुळली. ताईंनी ती उलटसुलट करून पाहिली, बोटांनी चाचपली.

"बरं. हे हाताला जमण्यातलं नाही. पण याचे नखरेही ऐका. यावर उलटी टीप मारायची नाही. बारीक वळणं याला झेपत नाहीत. प्रत्येक कोपऱ्याला अख्खी रजई फिरवायची. आणि या धडधडीनं सुईचा स्क्रू सैल होतो, मग सुई निसटून दात्यांवर आपटते."

"स्क्रू चिमटीनं आवळून भागत नाही, स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. मशीन सावकाश चालवायचं. टाका 3 ते 3.5 मिलिमीटरवर ठेवायचा, वरच्या बटणानं फुटाचा दाब थोडा कमी करायचा."

"म्हणजे तुम्ही सगळं वाचूनच बसलाय. मग यादी दोन रकान्यांत लिहा. हातानं काही केलं तरी जमणार नाही ते डावीकडे. सवयीनं जमेल ते उजवीकडे. पैसे डावीकडे घाला."

रकान्यांवर वहिनींची हरकत नव्हती, पण 'सवयीनं' या शब्दाशी त्या अडल्या. सवय होईपर्यंत चूक हाताची आहे की मशीनची, हे नवशिक्याला कसं कळावं? कारखान्यात दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतात. चांगला फूट लावला की एक संशयित कमी होतो, असं त्यांचं गणित.

या मतभेदाचा खरा कस पाव इंची फुटावर लागला.

जोडकामात दोन तुकडे शिवताना पाव इंच माया सोडतात, साधारण 6 मिलिमीटर. पाव इंची फुटाच्या उजव्या कडेला बहुधा एक पातळ पातं असतं. कापडाची कड त्याला टेकवून नेली की माया सारखी राहते. ताईंना हे लाड वाटतात. ब्लाउजची माया त्या डोळ्यानं सोडतात.

"ब्लाउजला टिपा किती, ताई? इथं शेकडो आहेत. आणि ब्लाउजची चूक बाहीत जिरवता येते."

वहिनींनी कागदावर हिशेब मांडला. अडीच इंची 12 चौकोन एका ओळीत जोडले की 11 शिवणी होतात आणि ओळ 24.5 इंच भरायला हवी. प्रत्येक शिवणीत माया फक्त 1 मिलिमीटर जास्त गेली तर दोन्ही तुकड्यांचे मिळून 2 मिलिमीटर जातात. 11 शिवणींचे 22. ओळ पाऊण इंचाहून जास्त आखडली. शेजारची ओळ दुसऱ्या दिवशी, थोड्या वेगळ्या मायेनं शिवली असेल तर चौकोनांचे कोपरे जुळायचे नाहीत. त्यातही मेख अशी की काटेकोर पाव इंच घेतला तरी ओळ थोडी कमीच भरते, कारण माया दुमडून इस्त्री केली की दुमडीच्या जाडीतही कापड खर्च होतं. म्हणून जाणकार पाव इंचाला एक-दोन धागे कमीच माया घेतात.

याची एक सोपी परीक्षा आहे. दीड इंची 3 पट्ट्या शेजारी शेजारी जोडायच्या, इस्त्री करायची आणि मधली पट्टी मोजायची. ती बरोबर 1 इंच भरली तर माया बरोबर.

ताईंनी फूट न घेता ही परीक्षा द्यायचं ठरवलं. आलेख कागदाचा तुकडा घेऊन एका रेघेपासून पाव इंचावर तो सरळ कापला, सुई हातानं चाक फिरवून बरोबर त्या रेघेवर टेकवली आणि कागदाच्या कडेला लागून मशीनच्या पाट्यावर चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावले. त्या थरांची जी धार तयार झाली तिला कापड टेकवून तीन पट्ट्या शिवल्या. वहिनींचा कॅलिपर पुढे आला: मधली पट्टी 24.9 मिलिमीटर. इंचाला अर्धा मिलिमीटर कमी. ताईंनी चिकटपट्टी उचलून केसभर सुईकडे सरकवली आणि नवीन पट्ट्या शिवल्या. 25.4.

"उजवा रकाना," ताई म्हणाल्या. "तुमच्या मशीनवर तर सुईही डावी-उजवी सरकते. साध्या फुटाची कड जुळवून घेता येईल."

"तुम्हाला जमलं, कारण तुमचा हात बसलाय. क्लासला नवी आलेली मुलगी असती तर? टीप वाकडी गेली की तिनं हाताला दोष द्यायचा, चिकटपट्टीला की कापणीला?"

"आणि त्या मुलीच्या मशीनवरून फूट काढला की तिचा हात कोरा. मला हात शिकवायचाय."

दोघींचंही खरं आहे आणि इथं तडजोड झाली ती वेगळ्याच कारणानं. पाव इंची फुटाला सुईसाठी बहुतेक वेळा एकच बारीक भोक असतं. तो लावलेला असताना चुकून झिगझॅग निवडलं तर सुई थेट धातूवर आदळून मोडते. घरातली नातवंडं मशीनची बटणं फिरवतात हे लक्षात आल्यावर वहिनींनी ते कलम स्वतःच खोडलं.

कापणीवर मात्र वाद झालाच नाही. गोल पात्याचा कटर, खालची मॅट आणि जाड पारदर्शक पट्टी या तिन्ही वस्तू दोघींच्या डाव्या रकान्यात आहेत. कातरीनं कापताना खालचं पातं कापड उचलतं, त्यामुळे चार पदर एकदम कापले तर चारही वेगळ्या मापाचे निघतात. कटर कापड न उचलता वरून दाबून कापतो. ओल्फा या जपानी कंपनीनं 1979 मध्ये असा कटर पहिल्यांदा बाजारात आणला आणि जोडकामाची रीतच बदलली. साचे ठेवून एकेक तुकडा आखण्याऐवजी लांब पट्ट्या कापून, जोडून, पुन्हा आडव्या कापायचं तंत्र रुळलं. शिवणीची माया कितीही बरोबर असली तरी तुकडा 2 मिलिमीटर लहान कापला असेल तर फूट तरी काय करणार? कटरचं पातं दर वेळी खाली ठेवताना बंद करायचं, ही अट ताईंनी घातली.

42 नगांच्या संचावर ताईंनी फुली मारली, तेव्हा वहिनींनी एकेक फुटाचा हिशेब मागितला. रुमाल-ओढणीची कड गुंडाळणारा, आंधळी टीप घालणारा, चुण्या घालणारा, मोत्यांची सर बसवणारा, दोरी दाबणारा, काजाचा. ड्रेस शिवणाऱ्याला यातले काही उपयोगी पडतात. क्विल्टला एकही नाही. रेक्झिनवरून सहज घसरणारा टेफ्लॉनचा फूट यादीत कशाला आला, हे वहिनींनाही सांगता आलं नाही. शिवणीच्या खाचेतून टीप नेणारा डिच फूट कामाचा वाटतो, त्याला मध्ये पातं असतं. पण तो वरचा थर ओढत नाही. तीन थरांतून खाचेत टीप मारायची तर समोरून उघडा असलेला वॉकिंग फूट अधिक बरा, कारण खाचही दिसते आणि थरही घसरत नाहीत. कापडावर कापडाची नक्षी बसवायची असेल तेव्हा पुढून उघडा अ‍ॅप्लिके फूट लागतो. या क्विल्टमध्ये तशी नक्षी नाही.

"हा संचाचा सोस आजचा नाही," वहिनी म्हणाल्या. सिंगर कंपनीनं 1889 मध्ये पेटंट घेतलेली लाकडी पेटी आजही जुन्या मशिनींच्या शौकिनांत प्रसिद्ध आहे. ती उलगडत गेली की आतल्या कप्प्यांत एकेक जोडणी दिसते: कड दुमडणारी, चुण्या घालणारी, गोट लावणारी, आणि क्विल्टच्या समांतर रेघा मारण्यासाठी मार्गदर्शक दांडी असलेली. लोक तिला कोड्याची पेटी म्हणत.

ताईंनी उत्तर सिंगरच्याच दाराशी नेलं. त्याच कंपनीचं 221 फेदरवेट 1933 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात आलं. वजन जेमतेम 5 किलो, फक्त सरळ टीप. आज इतक्या वर्षांनी परदेशातले क्विल्ट करणारे हे मशीन शोधून शोधून विकत घेतात, कारण त्याची टीप रेघेसारखी सरळ पडते.

संच नको म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. संचावर 'सर्व मशिनींना चालतो' असं लिहिलेलं असतं आणि तसं नसतं. फूट ज्या दांड्याला बसतो त्याची उंची मशीनगणिक बदलते. फूट खाली टेकवून प्लेटपासून स्क्रूच्या मध्यापर्यंत मोजलं तर सुमारे पाऊण इंच भरतं त्याला लो शँक म्हणतात, एक ते सव्वा इंच भरतं त्याला हाय शँक. घरगुती मशिनींपैकी बहुतेक लो शँक असतात. सिंगरच्या काही जुन्या मॉडेलांचा दांडाच तिरपा असतो आणि बर्निनाची पकड अगदी वेगळी. याशिवाय फूट खटक्यानं बसणारा आहे की स्क्रूनं, आणि मशीनचा झिगझॅग 5, 7 की 9 मिलिमीटर रुंद आहे, हेही पाहावं लागतं. 9 मिलिमीटरच्या मशीनचे दाते दूर असतात, 7 चा अरुंद फूट त्यांना नीट टेकत नाही. वहिनींनी आपल्या मशीनचा दांडा मोजला. लो शँक निघाला. यादीतला रूलर फूट हाय शँकचा होता.

रूलर फुटापर्यंत यायच्या आधी दोघींना फ्री-मोशनचा रस्ता ओलांडावा लागला आणि इथं पारडं फिरलं. फ्री-मोशन म्हणजे खालचे दाते उतरवायचे आणि कापड आपल्या हातानं हवं तिकडे फिरवायचं. टाका लहान-मोठा होणार तो हाताच्या वेगावर. वेलबुट्टी, लाटा, गोलाकार नक्षी अशीच होते. वहिनींना याची धास्ती. ताईंचं हे हातातलं काम. मशीनवर भरतकाम करणारे कारागीर फूट काढून ठेवतात, कापड गोल रिंगेत ताणून धरतात आणि सुईखाली रिंग फिरवतात. ताई तसंच शिकवतात.

"मग डार्निंग फूट कशाला ठेवलात? तुम्ही तर तोही काढून टाकता."

"रिंग असते म्हणून काढते. ताणलेलं कापड सुईबरोबर वर उचललं जात नाही. तुमची रजई रिंगेत मावणार आहे का? मोकळं कापड सुईला चिकटून वर येतं, मग टाका सुटतो नाहीतर दोरा तुटतो. डार्निंग फुटाला स्प्रिंग असते. सुई खाली आली की तो कापड क्षणभर दाबून धरतो, सुई वर गेली की सोडतो. शिवाय बोटं सुईखाली जात नाहीत."

आणखी एक गोष्ट त्या बजावतात. फूट लावलेला असो वा नसो, त्याची मागची दांडी खाली केल्याशिवाय मशीन चालवायचं नाही. दांडी वर असली की वरच्या दोऱ्याच्या टेन्शनच्या चकत्या मोकळ्या राहतात आणि कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं. नवशिक्या मुली बॉबिनला दोष देतात. चूक दांडीची असते. बर्निनाच्या काही मशिनींसाठी कापडाचा वेग ओळखून टाके सारखे ठेवणारा फूटही मिळतो. वहिनींनी तो वाचून ठेवला होता, पण त्यांचं मशीन बर्निनाचं नसल्यानं तो विषय तिथंच मिटला.

रूलर फुटाला उंच, गोल कड असते. जाड अ‍ॅक्रिलिकची साचेपट्टी तिला टेकवून धरायची आणि दोन्ही एकत्र फिरवायचे, म्हणजे कमानी आणि वर्तुळं हुबेहूब सारखी येतात. फुटाचा व्यास अर्धा इंच असल्यामुळे टीप पट्टीपासून बरोबर पाव इंचावर पडते. वहिनींना हवं होतं ते हेच: मोजता येणारी नक्षी.

"चॉकनं आखा आणि हात सोडा," ताईंचा सल्ला.

"माझा हात सोडला तर बेडकानं उड्या मारल्यासारखी नक्षी येईल."

वाद रंगला, पण जाडीवर येऊन थांबला. हाय शँकसाठीच्या पट्ट्या साधारण पाव इंच, म्हणजे 6 मिलिमीटर जाड असतात. लो शँक मशीनवर फुटाखाली जागा कमी, तिथं 3 मिलिमीटरची पातळ पट्टी आणि तिच्या जोडीचाच फूट लागतो. कापणीसाठीची नेहमीची पट्टी साध्या डार्निंग फुटाजवळ धरली तर ती उसळणाऱ्या फुटाखाली शिरते आणि सुई तिच्यावर आपटते. तेव्हा हा फूट घ्यायचा तर लो शँकचा, पट्टीसकट, एकाच ठिकाणचा. रकाना ठरला नाही. वहिनींनी त्यापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.

यादीतल्या एका भोकाच्या प्लेटवर ताईंनी डाव जिंकला. झिगझॅगच्या प्लेटचं भोक आडवं, लांबट असतं. त्रिकोणी तुकड्याचं टोक सुरुवातीलाच त्यात ओढलं जातं आणि मशीन कापड चावून बसतं. एका भोकाच्या प्लेटमध्ये हे होत नाही. ताईंचा उपाय असा: आधी एका चिंधीवर दोन-तीन टाके घालायचे, दोरा न तोडता पुढे तुकडा सरकवायचा, शेवटी पुन्हा चिंधीवर उतरायचं. टोक अडकत नाही आणि दोऱ्याची टोकंही वाया जात नाहीत. वहिनींनी करून पाहिलं, मान्य केलं.

मशीनला जोडायच्या मोठ्या टेबलाचं मात्र नुसतं खोडून भागणारं नव्हतं. डबल बेडची क्विल्ट टेबलाच्या कडेवरून खाली लोंबू लागली की तिचं वजन सुईला मागे खेचतं. टाके लहान होत जातात, कधी सुई वाकून प्लेटवर लागते. महागडा वॉकिंग फूटही इथं हतबल ठरतो. ताईंचं मशीन टेबलाच्या खाचेत बसवलेलं आहे, त्यांच्या पाट्याला पायरीच नाही. वहिनींचं मशीन टेबलावर उभं, त्यामुळे सुईजवळ उंचवटा. शेवटी माप घेतलं तेव्हा जेवणाचे दोन जुने पाट मशीनच्या पाट्याच्या उंचीला थोडे कमी पडले. खाली वर्तमानपत्रांच्या घड्या घालून ते डावीकडे टेकवले आणि मागे इस्त्रीचं टेबल उभं केलं, म्हणजे शिवून झालेला भाग तिथं विसावेल.

रबरी ठिपक्यांच्या हातमोज्यांचं कामही बागकामाच्या मोज्यांवर निभावलं. फ्री-मोशनमध्ये पंजे कापडावर घट्ट बसावे लागतात. कोरड्या तळव्यांनी कापड ढकलत बसलं की खांदे भरून येतात, हे ताईंना ठाऊक होतं.

गोट लावण्याच्या जोडणीला दोघींनी एकमुखानं नकार दिला. ती ठरावीक रुंदीची पट्टी ठरावीक जाडीवर दुमडते आणि भरणासकट क्विल्टची कड तिच्या तोंडात जात नाही. पण गोटाची पट्टी कशी कापायची यावर पुन्हा फाटलं. ताई उरेब पट्टीच्या. वहिनींच्या मते सरळ कडेच्या क्विल्टला आडव्या धाग्याची सरळ पट्टी चालते, उरेब लागते ती कमानीच्या कडेला. कापडाचा हिशेब वहिनींच्या बाजूनं गेला. 90 बाय 100 इंचाच्या क्विल्टची चौफेर कड 380 इंच. कोपरे आणि शेवटचा जोड धरून 392. 44 इंच पन्ह्याच्या कापडातून, काठ आणि तिरपे जोड वजा जाता, एका पट्टीमागे 40 इंच हाती लागतात. म्हणजे अडीच इंची 10 पट्ट्या, 25 इंच कापड. उरेब कापायची तर कापड जास्त लागलं असतं आणि कापताना ताणलंही असतं. ताईंनी मान डोलावली, पण रोजच्या धुण्यात दुमडीची धार आधी झिजते आणि तिथं सरळ पट्टीचा एकच धागा सलग तुटतो, उरेब पट्टीत मात्र अनेक धागे एकमेकांना ओलांडत जातात, हेही सांगून ठेवलं. नातवंडांच्या पांघरुणाला हा मुद्दा किरकोळ नाही.

राहिल्या सुया. ताईंच्या क्लासमध्ये 16 नंबरची सुई सगळ्याला चालते. क्विल्टिंगची सुई वेगळी असते: टोक निमुळतं होत गेलेलं, त्यामुळे शिवणींचे थर एकमेकांवर आलेल्या जागी ती कापडाला मोठं भोक न पाडता आरपार जाते. श्मेट्झच्या सुईवर त्यासाठी हिरवी रेघ असते. 90/14 मधला 90 म्हणजे सुईची जाडी 0.90 मिलिमीटर, 75/11 त्याहून बारीक, पातळ जोडकामाला बरी. घेताना मागची बाजू चपटी असलेली घरगुती सुई घ्यायची. कारखान्यातल्या जुकीसारख्या मशीनची सुई पाठीला गोल असते, ती घरच्या मशीनमध्ये बसत नाही.

14 कलमांतून 4 उरली: वॉकिंग फूट, डार्निंग फूट, कटर-मॅट-पट्टी आणि सुया. पाचव्यापुढे प्रश्नचिन्ह.

"रूलर फूट मी पुढच्या महिन्यात घेणार," वहिनींनी जाहीर केलं.

"आधी चॉकच्या रेघेवर एक उशीची खोळ करा. जमली नाही तर मीच म्हणेन घ्या." ताई उठता उठता थांबल्या. "सुयांची पाकिटं दोन मागवा. एक क्लासला हवंय."

"75 च्या की 90 च्या?"

"90 च्या. आणि माझ्या पाकिटाचा हिशेब वेगळा लिहा, दादाच्या खर्चात घालू नका."